जोडीचा आकडा

खांबावर चढायच्या आधी रघुनाथ उतेकर करंगळीतली तांब्याची अंगठी काढायचे आणि विलास ढेबेच्या शर्टाच्या वरच्या खिशात टाकायचे. विलास चढणार असला, की त्याची साखरपुड्याची अंगठी उतेकरांच्या खिशात जायची. विजेच्या कामात अंगावर धातू नको, हे झालं पुस्तकातलं कारण. कुंभेरी उपविभागातल्या लाइनमन लोकांचं खरं कारण निराळं होतं. जोवर जोडीदाराची अंगठी आपल्या खिशात आहे तोवर तो वर आहे, आणि तोवर परमिट परत द्यायचं नाही. परमिट म्हणजे लाइन बंद ठेवल्याची हमी. ज्यानं घेतलं त्यानंच ते परत द्यायचं, आणि परत दिलं की लाइन चालू. एवढ्याशा अंगठीच्या भरवशावर त्या डोंगरात तीस वर्षं माणसं खांबावर चढत होती आणि धडपणी खाली उतरत होती.

आणखी एक रीत होती, ती मात्र पुस्तकाच्या अगदी उलटी. खालच्या माणसानं कामाच्या दोन्ही बाजूंच्या तारांना अर्थिंगचे रॉड अडकवायचे. म्हणजे चुकून कुठून वीज आलीच तर ती माणसातून न जाता रॉडमधून जमिनीत जाते. रॉड लावून झाले की खालच्यानं "झालं" असं ओरडून सांगायचं, आणि मग वरच्यानं, तारेत वीज असली की वाजतो तो टेस्टर तारेजवळ न्यायचा नाही. पुस्तक म्हणायचं, न्यायलाच हवा. पण जोडीदार "झालं" म्हणाल्यावर कमरेचा टेस्टर काढणं म्हणजे तू खोटारडा आहेस असं त्याच्या तोंडावर सांगणं. असं एकदा कुणी केलं होतं, तर त्या जोडीत दोन वर्षं बोलणं बंद होतं. टेस्टर सगळ्यांच्या कमरेला असायचे आणि सगळ्यांचे नवेकोरे असायचे.

उतेकरांना सगळा उपविभाग आबा म्हणायचा. वय चोपन्न, आवाज मोठा, शाळा सातवीपर्यंत. विलास सेहेचाळीसचा. एकोणीस वर्षांची जोडी. विलासच्या लग्नात आबा पंगतीत वाढायला होते आणि आबांच्या आईला खांदा द्यायला विलास होता, एवढं सांगितलं की पुरे.

मनगटातलं कडं आलं त्याला चार वर्षं झाली होती. तोवर वीज कंपनी नवी झाली होती, उपकेंद्रातला ऑपरेटर घरी गेला होता आणि परमिट द्यायचं काम संगणकाकडं आलं होतं. त्यात एका वर्षात तीन माणसं खांबावर दगावली. मग पुण्याहून एक डॉक्टर आले, सभागृहात सगळ्यांना बसवलं आणि मनगटात घालायचं काळं रबरी कडं दाखवलं.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. माणसाचं काळीज घड्याळासारखं एका चालीनं चालत नाही. श्वास घेताना ते किंचित धावतं, सोडताना सावकाश होतं. भीती वाटली, लक्ष लागलं, राग आला की त्याची चाल बदलते आणि कातडीवर घामाचा बारीक थर येतो. आता दोन माणसं एकाच कामात गुंतली आणि त्यांचा एकमेकांवर भरवसा असला, तर ह्या चाली हळूहळू जुळायला लागतात. एकाचं काळीज धावलं की क्षणभरात दुसऱ्याचं धावतं. करवतीची दोन टोकं धरणाऱ्यांचे हात जुळतात तसंच हे आतून होतं. कडं दोघांची चाल मोजतं, ताडून बघतं आणि शून्य ते शंभरमधला एक आकडा देतं. हजारो जोड्यांवर बघितलं, तर ज्यांचा आकडा साठच्या खाली त्यांच्यात अपघात चौपट. म्हणून नियम साधा: आकडा साठच्या खाली गेला तर संगणक परमिट देणार नाही.

"म्हंजी ह्याला माया कळती?" आबांनी मागून विचारलं होतं.

"नाही काका," डॉक्टर म्हणाले. "दोघांच्या आत एकसारखं काहीतरी चाललंय, एवढंच त्याला कळतं. काय चाललंय ते त्याला दिसत नाही."

तेवढ्यात चहा आला आणि ते वाक्य तिथंच राहिलं.

आबा-विलासचा आकडा पहिल्या दिवशी चौऱ्याऐंशी आला. सबंध जिल्ह्यात एवढा कुणाचा नव्हता. कार्यालयात दोघांचा फोटो लागला. चौकातल्या चहावाल्यानं विलासला विचारलं, घरी बायकोसंगं किती येतो? विलास म्हणाला, तिथं परमिटच मिळत नाही. चार वर्षं तो आकडा ऐंशीच्या खाली गेला नाही, आणि त्या दोघांना त्याचं काही विशेष वाटेनासं झालं.

मग दिवाळीनंतर परिपत्रक आलं. मार्चपासून प्रत्येक जोडीतला एकच माणूस राहणार. दुसऱ्याच्या जागी गाडीवर बसवलेला यांत्रिक हात येणार. तो रॉड लावणार, तारा ताणणार, पगार मागणार नाही आणि तंबाखू खाणार नाही. जो जाईल त्याला कंपनीचा ठेकेदार घेईल, म्हणजे आज कुंभेरी तर उद्या कच्छच्या वाळवंटात सौरपट्ट्या पुसायला.

त्या दिवशी आबा आणि विलास एकाच झाडाखाली जेवले. आबांनी नेहमीप्रमाणे आपल्या डब्यातला खर्डा विलासच्या भाकरीवर ठेवला. परिपत्रकाबद्दल दोघं चकार शब्द बोलले नाहीत.

चार दिवसांनी पाठारे मॅडमनी विलासला एकट्याला बोलावलं. मॅडम सहायक अभियंता, बत्तीस वर्षांच्या, बोलायला मऊ आणि स्वभावानं वाईट नव्हत्या. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण असल्या गोष्टींत साहेबाला राक्षस केलं की बाकीच्यांचं आयतंच फावतं.

"विलासराव, मला प्रत्येक जोडीतलं एक नाव वर कळवायचंय," त्या म्हणाल्या. "उतेकर सीनियर आहेत. आकडा तर तुमचा दोघांचा एकच. मी कशावरून ठरवू?"

"तुम्ही ठरवाल ते, मॅडम."

"सांगण्यासारखं काही असेल तर सांगा. ह्या खोलीबाहेर जाणार नाही."

आबांबद्दल चांगलंच बोलायचं, असं विलास घरून ठरवून आला होता. पण मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात त्यानं दुसरंही बोलणं तयार ठेवलं होतं, आणि ते ठेवलंय हे खुर्चीत बसेपर्यंत त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढं मुलीची बारावी आली, दोन खोल्यांचं घर आलं आणि कच्छचं वाळवंट आलं. ते त्यानं कधी बघितलेलंही नव्हतं.

"आबांचा उजवा हात थंडीत थरथरतो," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. आणि श्रावणात एकदा... लांबच्या बाजूचा रॉड. जमिनीकडचं टोक रोवलं आणि वर तारेला हूक अडकवायचाच विसरले. माझं सहज लक्ष गेलं म्हणून. मी जाऊन अडकवला."

मॅडम लिहायच्या थांबल्या. "हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"जोडीदार आहेत," विलास म्हणाला.

ह्यातला शब्दन् शब्द खरा होता. विलासनं घरी जाताना हे स्वतःला तीनदा सांगितलं. खोटं बोलला असता तर कदाचित त्याला रात्रीचं जेवण गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांबाखाली आबांनी अंगठी त्याच्या खिशात टाकली, दोघांनी मनगटं पुढं केली आणि कड्यावर आकडा उमटला. सत्तावन्न.

आबांनी कडं शर्टाला पुसलं, पुन्हा घातलं. पंचावन्न. संगणकानं परमिट नाकारलं आणि दोन वाड्यांची वीज दुसरी जोडी येईपर्यंत पाच तास बंद राहिली.

आता ज्याच्या मनात पाप होतं त्याला आकडा का पडला ते ठाऊक होतं. गंमत अशी, की ज्याच्या मनात काही नव्हतं त्यानं सगळा दोष स्वतःकडं घेतला.

"माजंच कायतरी बिघाडलंय," परत येताना आबा गाडीत म्हणाले. "तुजी चाल तीच असंल. परिपत्रक आल्यापास्नं माज्या डोक्यात येतंय, ह्यो राहील का मी राहीन. खोटं कशाला बोलू? लाज वाटती बग मला. ते त्या कड्याला कळलं."

विलासला तेव्हाच सगळं सांगून टाकता आलं असतं. तो म्हणाला, "असं काही नसतं, आबा. बॅटरी उतरली असेल."

आबांनी दुसऱ्या दिवसापासून तंबाखू सोडली. काळीज ताळ्यावर यायला हवं म्हणून. रविवारी विलासला बायकोमुलीसकट घरी जेवायला बोलावलं, कोंबडं कापलं, आणि आबांच्या बायकोनं, ताराकाकूनं, विलासच्या ताटात तिसऱ्यांदा रस्सा वाढताना म्हटलं, "ह्यांचं काय चुकलंमाकलं आसंल तर पोटात घाल, भावा." विलासनं ताटावर आडवा हात धरला. सोमवारी आकडा अठ्ठेचाळीस.

माया केली की आकडा पडायचा. आबा जितकं जवळ येत तितका विलास आतून लांब सरकायचा, आणि ते कडं ती लांबी मोजून दाखवायचं.

तोड शेवटी आबांनीच काढली. आकडा साठच्या वर गेला नाही तर मार्चच्या आधीच दोघंही घरी जाणार, हे उघड होतं. आबांच्या लक्षात राहिलं होतं, की काळजाची चाल श्वासावर चालते असं तो डॉक्टर म्हणाला होता. मग श्वासच एक केला तर? भजन म्हणून बघितलं, पण विलासला सूर नव्हता. तेव्हा आबांना शाळेतले पाढे आठवले. पाढे सगळे एका दमात, एकाच ठेक्यात म्हणतात.

त्यानंतरचे पंधरा दिवस कुंभेरीच्या डोंगरात रोज सकाळी दोन कर्ती माणसं खांबाखाली समोरासमोर उभी राहून मोठ्यानं पाढे म्हणायची. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. दहापर्यंत आलं की पुन्हा पहिल्यापासून. रस्त्यानं जाणारे थांबून हसायचे. तिसऱ्या फेरीला आकडा हळूहळू चढायचा, एकसष्ट, बासष्ट, आणि संगणक परमिट द्यायचा. लाखो रुपयांचं यंत्र एकोणतीसच्या पाढ्यानं फसत होतं. आबांना त्याचा मनापासून आनंद व्हायचा.

आणि अशाच एका सकाळी ते घडलं, म्हणजे खरं तर काहीच घडलं नाही. आबा वर होते. विलास लांबच्या बाजूला गेला, त्यानं रॉडचं खालचं टोक जमिनीत रोवलं, आणि हूक तारेकडं उचलता उचलता त्याचा हात थांबला. हा हूक अडकवला नाही तर? आबांच्या विसरण्याची नोंद तर मॅडमकडं आहेच. रॉड आबांनीच लावला होता, असं म्हटलं तर कोण नाही म्हणणार? हा विचार एवढा सरळ, एवढा साधा आला की जणू कुणी वेळ विचारली.  पुढच्या क्षणाला त्यानं हूक घाईघाईनं अडकवला, तो बसलाय का ते तीनदा ओढून बघितलं आणि करवंदीच्या जाळीमागं जाऊन ओकला. मग परत येऊन ओरडला, "झालं."

आबांनी वरून टेस्टर काढला नाही. कसे काढतील?

पौषात एक दिवस आबा आले नाहीत. मेहुण्याकडं कार्य आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा त्यांनी पुन्हा तंबाखू धरली होती आणि गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते.

त्या दिवशीचं काम भैरीच्या माळावर होतं. वाऱ्यानं फांदी पडून खांबावरचा तारेचा जोड जळला होता. माळाच्या अलीकडं उपकेंद्र, पलीकडं एक मोठं रिसॉर्ट. थंडी कडाक्याची होती. आबांचा हात बघून विलास म्हणाला, "आज मी चढतो." आबांनी होकाराची मान हलवली. विलासनं साखरपुड्याची अंगठी काढून त्यांच्या खिशात टाकली. पाढ्याला सुरुवात करायची म्हणून दोघं समोरासमोर उभे राहिले आणि विलासनं तोंड उघडायच्या आत कड्यावर आकडा उमटला.

एक्याण्णव.

पाढा नाही, काही नाही. एवढा आकडा चार वर्षांत कधी आला नव्हता. विलासला वाटलं आपण रडू. त्याला वाटलं, सुटलो. आबांनी मनातलं काढून टाकलं असेल, आपलंही मन कुठंतरी निवलं असेल. संगणकानं क्षणात परमिट दिलं. विलासनं कमरपट्टा आवळला आणि तो चढायला लागला.

आबांनी जवळच्या बाजूचा रॉड अडकवला. मग दुसरा खांद्यावर टाकून ते रिसॉर्टच्या बाजूला गेले. तिकडचा खांब जांभळीच्या झाडांमागं होता, तो वरून दिसत नव्हता. थोड्या वेळानं ते रिकाम्या हातांनी परत आले.

"झालं," ते म्हणाले.

विलास तारांपासून हातभर खाली थांबला होता. त्यानं पक्कड काढली. आणि त्याला ते दिसलं. आबा "झालं" म्हणताना नेहमी वर बघायचे. आज त्यांनी जमिनीकडं बघून म्हटलं होतं. ते तसेच उभे होते, एक हात खिशावर, जिथं अंगठी होती तिथं. विलासच्या छातीत धडधडायला लागलं. त्यानं मनगटाकडं बघितलं. आकडा चढत होता. त्र्याण्णव. खाली उभ्या माणसाचं काळीजही त्याच चालीनं धडधडत होतं.

दोघांच्या आत एकसारखं काहीतरी चाललंय, एवढंच त्याला कळतं. डॉक्टरांचं ते वाक्य चहाच्या कपांच्या आवाजातून चार वर्षांनी परत आलं. विलासला आपल्या आत काय चाललंय ते माहीत होतं. महिनाभर तो रात्रंदिवस तेच घेऊन हिंडत होता. आबांच्या आत त्याच्यासारखंच काय असू शकतं, ह्याला उत्तर एकच होतं.

काल कार्य नव्हतं.

त्यानं पक्कड परत अडकवली आणि कमरेचा टेस्टर काढला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. आबांनी वर बघितलं. विलासनं हात लांब करून टेस्टर रिसॉर्टच्या बाजूच्या तारेजवळ नेला.

टेस्टर किंचाळला.

खाली यायला नेहमी दोन मिनिटं लागायची. त्या दिवशी किती लागली ते विलासला कधीच आठवलं नाही. खाली आल्यावर तो थेट जांभळींकडं चालू लागला, आणि मागून आबा येत राहिले. रॉड तिथं होता. खालचं टोक जमिनीत नीट रोवलेलं, वायर उलगडलेली, आणि हूक गवतात पडलेला. श्रावणात होता अगदी तसा. रिसॉर्टच्या छतावर सौरपट्ट्या होत्या आणि तळघरात बॅटऱ्या. लाइन बंद झाली की तिथल्या यंत्रानं स्वतःला तारेपासून तोडून घ्यायचं असतं. ते त्या दिवशी तोडलं गेलं नव्हतं. उपकेंद्रातली वीज बंद होती आणि तारेत रिसॉर्टची वीज खेळत होती. जवळच्या रॉडचा उपयोग नव्हता, कारण मधला जोडच जळलेला होता.

"इसरलो," आबा म्हणाले.

विलासनं त्यांच्याकडं बघितलं. आबांचा उजवा हात थरथरत होता. डावाही थरथरत होता.

"काल कुठं होता, आबा?"

"कंपनीच्या डाक्टरकडं." आबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. हाताच्या तपासणीचा आदेश. त्यात छापलं होतं: जोडीदाराच्या निवेदनावरून. मॅडमनी खोलीबाहेर जाणार नाही म्हटलं होतं ते खरंच असेल, पण संगणकाचा कागद खोलीतून येत नाही. "तिथनं मॅडमकडं गेलो. म्हनलं, ह्यो सांगतोय तर मीबी सांगतो. गेल्या साली तू चाळीस खांबांची तपासणी च्याच्या दुकानात बसून भरलीस ते सांगितलं. टेस्टर लावत न्हाईस ते सांगितलं."

"तुम्हीपण लावत नाही."

"व्हय. पर तुजं सांगितलं."

विलासनं गवतातल्या हुकाकडं बोट केलं.

"विसरलात का, आबा? खरं सांगा. मी कुणाला बोलणार नाही."

 आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. थंडीनं नव्हे.

"मला ठावं न्हाई," ते म्हणाले. "टोक रोवलं. मंग हूक हातात घेतला. मंग तुजा इचार आला. आन् मंग मी चालायला लागलो हुतो. मदी काय झालं ते मला ठावं न्हाई, इलास. तारीची शप्पत."

ताराकाकूची शपथ आबांनी उभ्या जन्मात कधी घातली नव्हती. विलासनं त्यांच्यावर विश्वास ठेवला, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. करवंदीच्या जाळीमागची ती सकाळ त्याच्या ओठांवर आली. मीपण एकदा थांबलो होतो, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर ते दोघं कदाचित तिथंच गवतात बसून पोटभर रडले असते आणि काहीतरी वाचलं असतं. पण तसं म्हणणं म्हणजे आबांच्या हाती आणखी एक कागद देणं. 

"हे कळवायला लागंल," आबा म्हणाले.

"कळवलं तर दोघंही जाऊ. तुम्ही रॉडपायी आणि मी श्रावणातलं दडवलं म्हणून."

"मंग?"

विलासनं वाकून हूक उचलला, लांब दांड्यानं तारेला अडकवला. चट् असा मोठा आवाज झाला, निळी ठिणगी पडली आणि तार मेली. मग तो परत गेला, आबांनी "झालं" म्हणायची वाट न बघता चढला, दोन्ही बाजूंना टेस्टर लावून बघितला आणि जोड बदलला. खाली आल्यावर आबांनी अंगठी परत दिली. घेताना एकाचं बोट दुसऱ्याला लागलं नाही.

मॅडमनी दोघांना एकदम बोलावलं ते आठवड्यानं. त्यांच्या चेहऱ्यावर खराखुरा आनंद होता.

"तुमच्या दोघांच्याही तक्रारी मी बाजूला ठेवल्यात," त्या म्हणाल्या. "जिथं एवढा भरवसा आहे तिथं असं होतंच, घरातल्यासारखं. मुख्यालयातून आदेश आलाय. नव्वदच्या वर आकडा असलेली जोडी फोडायची नाही. राज्यात अशा फक्त चार आहेत. यांत्रिक हात तुमच्याकडं येणार नाही. निवृत्तीपर्यंत तुम्ही दोघंच."

"दोघंच," आबा म्हणाले.

"उतेकर, तुमचं डॉक्टरांचं मी बघते. आणि हा आकडा टिकवा. तुम्ही काय करता ते बाकीच्यांना शिकवायला तुम्हाला पुण्याला पाठवणार आहोत."

दाराबाहेर त्यांचा जुना फोटो होता. त्याच्या शेजारी नव्या फोटोसाठी खिळा ठोकून झाला होता. आबांना निवृत्तीला चार वर्षं होती. विलासनं जिना उतरताना हिशेब केला, वर्षाला सुमारे अडीचशे खांब.

दुसऱ्या दिवशी काम वरच्या वाडीत होतं. चढायची पाळी आबांची होती, थंडी थोडी उतरली होती. खांबाखाली विलासनं सवयीनं पुढं होऊन खिसा उघडा धरला. आबांनी करंगळीतली अंगठी काढली, तिच्याकडं बघितलं आणि स्वतःच्या विजारीच्या खिशात टाकली. मग कमरेचा टेस्टर काढून दातात धरला.

विलासनं खिसा सोडून दिला. दोघांनी मनगटं पुढं केली. सत्त्याण्णव. परमिट लगेच आलं.